हायवे १६८: मधला तुकडा गेला कुठे?

सायली_क्लोव्हिस

कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या शेजारी क्लोव्हिसला राहायला येऊन तेव्हा आठच महिने झाले होते, त्यामुळे चूक माफ आहे असं धरून सांगते.

घरापासून दोन सिग्नलवर हायवे १६८ लागतो. रोज ऑफिसला त्याच्यावरूनच जाते. गेल्या जुलैत आईबाबा साताऱ्याहून आले होते. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत. विमानतळावरून घरी येईपर्यंत दुभाजकाची उंची, साइडपट्टीची रुंदी आणि पांढऱ्या पट्ट्याची जाडी यावर त्यांचा अहवाल तयार होता.

बिशपला दोन रात्रींचं बुकिंग केलं होतं. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पलीकडचं गाव. फोन योसेमिटीतून वळसा दाखवत होता, साडेपाच-सहा तासांचा. बाबांच्या मांडीवर मात्र कागदी नकाशा होता. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी बोट ठेवलं. "अगं, हा बघ १६८. फ्रेस्नोतून निघतो, हंटिंग्टन लेकला जातो. आणि हा पलीकडं बिशपलाही १६८च. नंबर एक म्हणजे रस्ता एक. मधला तुकडा घाटाचा असणार, कच्चा असंल. सावकाश जाऊ की."

मधे पेरभर हिरवी जागा होती आणि तिच्यातून ठिपक्यांची रेघ गेलेली. मला पटलं. छत्तीस वर्षं रस्ते बांधलेल्या माणसाचं नाही पटणार तर कुणाचं?

क्लोव्हिस सुटलं की वाळक्या पिवळ्या गवताच्या टेकड्या, मग प्रॅथर, मग चौपदरी चढ, शेव्हर लेक, तिथून पाइनचं जंगल. शेव्हरनंतर फोनची रेंज गेली. आई मागे बसून शेंगदाण्याची चटणी कुठल्या पिशवीत ठेवली ते शोधत होती. हंटिंग्टन लेकला पोचलो आणि रस्ता तलावाला जाऊन धडकला. डावीकडे तलावाकाठचा रस्ता, उजवीकडे कैसर पासचा. दोन्हींवर १६८ची पाटी नाही.

रेंजर चौकीत एक बाई होत्या. त्यांना विचारलं, बिशपला जायचं तर पुढे रस्ता कसा आहे? त्यांनी आधी माझ्या पायातल्या चपला पाहिल्या. मग अगदी प्रेमानं म्हणाल्या, "चालत जाणार का? चार दिवस धरा."

आल्या वाटेनं खाली क्लोव्हिस. मग योसेमिटी, टायोगा पास, ली व्हायनिंग करत रात्री दहाला बिशप. बाबा अख्ख्या वाटेत एकदाच बोलले: "आमच्याकडं अशा ठिकाणी 'पुढे रस्ता बंद' म्हणून बोर्ड असतो."

सकाळी चहा शोधायला बाहेर पडलो तर बिशपच्या लाइन स्ट्रीटवर तीच हिरवी, फावड्याच्या पात्यासारखी पाटी. १६८. बाबांनी तिचा फोटो काढला. हंटिंग्टनच्या अलीकडच्या पाटीचा आदल्या दिवशी काढलाच होता.

तर मंडळी, प्रश्न असा. मधे तीस-पस्तीस मैलांचा डोंगर, दोन्हीकडे एकच नंबर. मधला तुकडा राहून गेला, पैसे संपले, की कुणी अडवला? बाबा आता साताऱ्यात आहेत, पण दर रविवारी फोनवर याची चौकशी होते.

बेएरियाबाब्या

हसून हसून मेलो. तुमच्या बाबांना सांगा, एकटे नाहीत. माझा असाच मामा १९०वर झालाय. पोर्टरव्हिल, स्प्रिंगव्हिल, कॅम्प नेल्सन करत १९०नं वर गेलो, डेथ व्हॅलीला जायचं म्हणून. क्वेकिंग ऍस्पेनपाशी राज्यमार्ग संपतो. पुढे डोंगरावरचा वनखात्याकडचा रस्ता आहे, तो दुसरीकडेच जातो. उरलेला १९० पलीकडे ओलांचाला परत सुरू होतो आणि डेथ व्हॅलीच्या पोटातून जातो. अधल्यामधल्या सिएराला त्याचा पत्ताच नाही.

टायोगा पासपासून दक्षिणेला शर्मन पासपर्यंत, सव्वाशेहून जास्त मैलांच्या पट्ट्यात, सिएरा ओलांडणारा एकही गाडीरस्ता नाही. टायोगाही हिवाळ्यात बंद. २०२३ साली तर तो २२ जुलैला उघडला होता. तुम्ही त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला निघाला असतात तर बेकर्सफील्डला जाऊन खालून वळसा. तीनशेच्या वर मैल, तेही पलीकडच्या गल्लीत जायला.

खडीकरण

सायलीताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं अनुमान चुकलं, पद्धत बरोबर होती. आपल्याकडे कागदावर नंबर सलग असेल आणि जमिनीवर रस्ता नसेल, तर मधे घाट किंवा खाडी असते आणि 'काम प्रस्तावित' असतं.

इथे गोष्ट जरा वेगळी. कॅलिफोर्नियात राज्यमार्ग कुठून कुठे जातो हे विधिमंडळ ठरवतं. 'स्ट्रीट्स अँड हायवेज कोड' नावाची संहिता आहे. तिची गंमत म्हणजे मार्गाच्या नंबरात ३०० मिळवले की कलम मिळतं. १६८ साठी कलम ४६८. ते वाचलंत तर कायद्यातच हा रस्ता तुकड्यांनी लिहिलेला आहे: एक फ्रेस्नो ते हंटिंग्टन लेक, मग पलीकडे कॅम्प सब्रायनापासून पुढे, ओएसिसजवळ मार्ग २६६ पर्यंत. म्हणजे कुणी खोदायचं विसरलं नाही. कायदा लिहिणाऱ्याला मधे डोंगर आहे हे माहीत होतं.

बाबांसाठी आणखी एक. रस्त्याकडेला पातळ पांढऱ्या पट्ट्या रोवलेल्या दिसल्या असतील, वर परगण्याचं संक्षिप्त नाव, मार्गाचा नंबर आणि मैलाचा आकडा. आपले किलोमीटरचे दगड समजा. पण इथे मैल राज्याच्या टोकापासून मोजत नाहीत. प्रत्येक काउंटीच्या हद्दीत आकडा पुन्हा शून्यावरून सुरू होतो. फ्रेस्नो आणि इन्यो काउंटीची हद्द नेमकी सिएराच्या माथ्यावरून जाते. त्यामुळे मधला तुकडा नाही म्हणून मोजणीत कुठे खाडाच दिसत नाही. दगड पाहून चोरी पकडता येणार नाही.

सायली_क्लोव्हिस

हे बाबांना वाचून दाखवलं. "कारकुनाला बरं, हद्द बदलली की हिशोब कोरा," म्हणाले. पण खूश झालेत.

सुरंगी

धागा आवडला. कलम-बिलम ठीक, पण रस्ता तिथपर्यंत तरी का गेला? हंटिंग्टन लेकला गाव म्हणावं असं काही नाही. सब्रायनालाही नाही. गाव नसताना राज्यमार्ग सात हजार आणि नऊ हजार फुटांवर कशाला चढतो?

जुनापाना

सुरंगीनं नस पकडली.

दोन्ही टोकांना काय आहे ते बघा. पश्चिमेला शेव्हर, हंटिंग्टन. पुढे कैसर पास ओलांडला की फ्लॉरेन्स आणि एडिसन. पूर्वेला सब्रायना, साउथ लेक, नॉर्थ लेक. यांना 'लेक' म्हणतात, पण बहुतेक सगळी वीज कंपनीची धरणं आहेत. एका तलावाचं नावच 'एडिसन' आहे, यावरून ओळखा. हंटिंग्टन म्हणजे हेन्री हंटिंग्टन, लॉस एंजेलिसच्या ट्रॅमचा मालक. ट्रॅम चालवायला वीज हवी, म्हणून त्यानं जॉन ईस्टवुड या अभियंत्याच्या आराखड्यावर सॅन वॉकीन नदीच्या खोऱ्यात बिग क्रीक प्रकल्पाला पैसा घातला. सामान वर न्यायला १९१२ साली ५६ मैलांची रेल्वे १५७ दिवसांत बांधली. एवढ्या घाईत केलेली की लोक तिच्या आद्याक्षरांवरून तिला 'हळू, गचके देणारी आणि महागडी' म्हणायचे.

सब्रायनाही तसंच. ही सब्रायना पूर्वेकडच्या वीज कंपनीच्या व्यवस्थापकाची बायको, सब्रायना हॉब्स. (तिथे गेलात तर 'सब्रीना' म्हणू नका, दुकानदार लगेच दुरुस्त करतात.)

आता तारखा जुळवा. १९१३चा नोव्हेंबर. ५ तारखेला ओवेन्स खोऱ्याचं, म्हणजे बिशपच्या बाजूचं पाणी कालव्यातून लॉस एंजेलिसला पोचलं. त्याच महिन्यात बिग क्रीकची वीज सुमारे २४० मैलांच्या तारांवरून लॉस एंजेलिसला पोचली. डोंगराच्या पूर्वेकडून पाणी, पश्चिमेकडून वीज, एकाच शहराला, एकाच महिन्यात. दोन्ही बाजूंची सोयरीक दक्षिणेत लागली होती. पूर्वेला पश्चिमेकडे आणि पश्चिमेला पूर्वेकडे जायचं कामच पडलं नाही. डोंगर अवघड होता हे खरंच. पण नुसत्या अवघडपणानं रस्ते अडत नाहीत, नाहीतर बोरघाट झाला नसता. माल आडवा जात नव्हता, उभा जात होता. माझ्या मते सायलीच्या बाबांचा 'मधला तुकडा' तिथेच गेला.

सुरंगी

वाचनखूण साठवली. गावोगावचे अर्धवट रस्ते आता वेगळ्या नजरेनं बघायला लागणार.

सरळसोट

सगळं मान्य, पण ते शंभर वर्षांपूर्वीचं. आज तंत्रज्ञान आहे, पैसा आहे. स्विसवाल्यांनी आल्प्स पोखरला, आपण कोकण रेल्वेला सह्याद्रीत बोगदे पाडले. अमेरिकेला तीस-पस्तीस मैल जड आहेत? सेंट्रल व्हॅलीतला शेतमाल पूर्वेला न्यायला मोठा वळसा पडतो. पर्यावरणवाल्यांची नाटकं आहेत, दुसरं काही नाही.

खडीकरण

सरळसोट, नाटकं म्हणा हवं तर, पण त्यावर कायद्याचा शिक्का आहे. १९६४ साली वाइल्डरनेस कायदा आला आणि मधला बराचसा पट्टा 'जॉन म्युर वाइल्डरनेस' झाला. वाइल्डरनेसमध्ये मोटाररस्ता नाही, इंजिन नाही, सायकलसुद्धा नाही. पायवाटेवर झाड पडलं तर वनखात्याचे लोक दोघांनी ओढायच्या करवतीनं कापतात. साखळी-करवत चालत नाही.

शेतमालाचं म्हणाल तर पूर्वेला खाणार कोण? बिशप हे त्या भागातलं मोठं गाव, आणि तेही आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षा लहान. पुढे नेवाडाचं वाळवंट. बोगद्याचा खर्च टोमॅटोवर निघायचा नाही.

जुनापाना

राजकारणाची एक गंमत. १६८च्या थोडं उत्तरेला, मॅमथ लेक्सवरून मिनरेट समिट ओलांडून सॅन वॉकीन खोऱ्यात रस्ता उतरवायचा बेत कित्येक वर्षं होता. तिथलं अंतर तर फारच थोडं होतं, म्हणजे तो होण्याची शक्यता आपल्या १६८पेक्षा जास्त. त्याला विरोध कुणी केला? रोनाल्ड रेगननी. १९७२ साली गव्हर्नर असताना ते घोड्यावर बसून लवाजम्यासकट डोंगरात गेले आणि तिथून विरोध जाहीर केला. त्यांचे नैसर्गिक संसाधन सचिव आइक लिव्हरमोर स्वतः एके काळी सिएरात खेचरांवरून सामान नेण्याचा धंदा करत. मग १९८४ला राष्ट्राध्यक्ष असताना रेगननीच कॅलिफोर्निया वाइल्डरनेस कायद्यावर सही केली आणि ती फट कायमची बुजली. तेव्हा 'पर्यावरणवाल्यांत' त्यांनाही मोजा.

सरळसोट

रेगन? बरं. हे माहीत नव्हतं. तरी मत कायम.

राखेचा_दिवस

सहसा फक्त वाचते, पण इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२०२०च्या सप्टेंबरमध्ये आम्ही फ्रेस्नोत होतो. ४ तारखेला संध्याकाळी बिग क्रीकजवळ आग लागली, तीच ती क्रीक फायर. लेबर डेची मोठी सुट्टी, करोनानं घरात कोंडलेली माणसं, सगळी वर तलावांवर गेलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात वाळत घातलेल्या चादरींवर राख पडायला लागली. पापुद्र्यासारखी, बोट लावलं की विरघळणारी. चार वाजता दिवे लावावे लागले.

आमचे ओळखीचे एक कुटुंब शेव्हरला होतं. खाली यायला मुख्य रस्ता एकच, हाच १६८. घाटात गाड्यांची रांग, बाजूला धूर. त्यांची मुलगी मागच्या सीटवर बसून मोठ्यानं गाड्या मोजत होती, कारण आईनं तिला सांगितलं होतं की शंभर झाल्या की आपण खाली. तिनं तीनदा शंभर केले. ते सुखरूप उतरले. मॅमथ पूल नावाच्या दुसऱ्या तलावावर लोकांची वाट आगीनं अडवली. तिथून नॅशनल गार्डनी हेलिकॉप्टरनं दोनशेच्या वर माणसं काढली. आग जवळपास ३ लाख ८० हजार एकर खाऊन डिसेंबरच्या शेवटी पूर्ण आटोक्यात आली. साडेआठशेच्या वर घरं-इमारती गेल्या.

मी सरळसोट यांच्या बाजूची नाही. पण टोक बंद असलेल्या रस्त्यावर राहणं काय असतं ते एवढंच.

सरळसोट

हाच तर माझा मुद्दा. पूर्वेला रस्ता असता तर अर्धे लोक तिकडे उतरले असते.

राखेचा_दिवस

असतेही. किंवा आरपार रस्ता आहे म्हणून वर दुप्पट माणसं असती आणि दोन्हीकडे रांग लागली असती. मला खरंच ठरवता येत नाही.

गेरूवाट

आग, कायदा, वीज झालं असेल तर आता चालण्याविषयी. सायलीच्या रेंजरबाईंनी चपला बघून चार दिवस सांगितले, ते बरोबर आहेत. मधला तुकडा मी पायी केलाय. नकाशावरची ती ठिपक्यांची रेघ आहे ना, ती खरी आहे.

हंटिंग्टनच्या टोकाला उजवीकडे वळलं की कैसर पासचा रस्ता. डांबरी आहे, पण बऱ्याच ठिकाणी एकच गाडी मावेल एवढा. एका बाजूला कडा, समोरून ट्रेलर ओढणारा आला की ज्याची छाती कमी तो मागे जातो. फ्लॉरेन्स लेकला गाडी ठेवायची. उन्हाळ्यात तलावात प्रवासी होडी असते, तिनं पलीकडे गेलं की चाल वाचते. मग नदीकाठानं वर, जॉन म्युर ट्रेलचा थोडा भाग, पायूट क्रीकचा पूल, हचिन्सन मेडो, हम्फ्रीज बेसिन. शेवटी ११,४२३ फुटांवर पायूट पास. पश्चिमेकडून तो पास वाटतच नाही, उघड्या माळावरून सपाट चालत जावं तसा येतो. माथ्यावर पाऊल ठेवलं की पूर्वेकडे जमीन पायाखालून काढून घेतल्यासारखी खाली जाते. कास पठारावर फिरून एकदम कोकणकड्यावर आल्यासारखं. उतरलात की नॉर्थ लेक, आणि तिथून थोडं खाली परत तुमचा १६८.

खरी अडचण चालण्याची नाही, गाडीची आहे. चालत गेलात पूर्वेला आणि गाडी राहिली पश्चिमेला! त्यावर जुना उपाय आहे, किल्ल्यांची अदलाबदल. एक गट फ्लॉरेन्सहून निघतो, दुसरा नॉर्थ लेकहून. मधे भेटायचं, किल्ल्या बदलायच्या, एकमेकांच्या गाड्या घेऊन घरी. आम्ही हचिन्सन मेडोत भेटलो. डास इतके की किल्ली देताना दोघांनीही तोंडावर जाळी घेतली होती. समोरच्या गटात एक सोलापूरकर निघाला. त्यानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, माझ्याकडे पुण्याचा पातळ पोह्यांचा चिवडा. किल्ल्या राहिल्या बाजूला, आधी त्याची अदलाबदल झाली. पुढे दीड तास चालल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याची किल्ली घेतली पण माझी द्यायची राहिली. ते धावत मागे जाणं अजून गुडघ्यात आहे.

जुनापाना

या वाटेबद्दल थोडं पुढे नेतो. पायूट पास हे नाव उगाच नाही. गोरे येण्याच्या कितीतरी आधीपासून पूर्वेकडचे पायूट आणि पश्चिमेकडचे मोनो लोक याच खिंडींतून ये-जा करत. पूर्वेकडून ऑब्सिडियन, म्हणजे बाणाची टोकं करायची काळी ज्वालामुखी काच, मीठ, पाइनच्या बिया. पश्चिमेकडून ओकची फळं. अगदी घाटमाथा आणि कोकण. भाषातज्ज्ञ तर दोन्ही बाजूंची बोली एकाच मोनो भाषेची रूपं मानतात.

म्हणजे वीज कंपन्या येण्याआधी हा रस्ता सलग होता.

बेएरियाबाब्या

जुनापाना, हे वाक्य बाबांपर्यंत पोचायला हवं.

कोकणचा_काका

आमच्याकडे रेवस-रेड्डी सागरी महामार्ग बघा. कागदावर एक रस्ता, जमिनीवर खाड्यांनी केलेले तुकडे. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडले, दिघी-आगरदांडा, सगळीकडे गाडी जेट्टीवरून बोटीत घालायची. पुलांची कामं निघाली आहेत. पण खरं सांगू? दाभोळला फेरीची वाट बघत भजी खाण्यात वीस मिनिटं जातात ती मला जड वाटत नाहीत. आमच्या हिला वाटतात.

सरळसोट यांना विचारतो, तुम्ही कधी त्या पूर्वेच्या तुकड्यानं गेलात का? त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.

डोंगरगप्पा

मी लिहितो. माझ्या मते १६८चा पूर्वेचा तुकडा पश्चिमेपेक्षा दसपट चांगला आहे. सायली, बिशपपर्यंत येऊन तुम्ही तो घेतला नसेल तर वळसा वाया गेला.

सब्रायनाहून रस्ता बिशपला उतरतो, मग ३९५वर चढून दक्षिणेला बिग पाइनपर्यंत त्याच्याच खांद्यावरून जातो. बिग पाइनला डावीकडे सुटतो आणि लगेच व्हाइट माउंटन्समध्ये शिरतो. एका ठिकाणी दोन्ही बाजूंना खडक इतके जवळ येतात की राज्यमार्ग एका गाडीचा होतो. राज्यमार्ग! पुढे वेस्टगार्ड पास, सव्वासात हजार फुटांच्या वर. त्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी डावीकडे फाटा फुटतो तो ब्रिसलकोन पाइनच्या राईकडे. तिथली काही झाडं चार हजार वर्षांहून जुनी. मेथुसेला नावाचं एक तर ४,८०० वर्षांच्या पुढचं, ते नेमकं कुठलं हे वनखातं सांगत नाही, लोक फांद्या तोडून नेतील म्हणून. झाड म्हणजे काय, पिळलेला, वाऱ्यानं घासून गुळगुळीत झालेला सांगाडा, एका कडेला साल आणि चार हिरव्या काड्या.

पास उतरलं की डीप स्प्रिंग्ज खोरं. अख्ख्या खोऱ्यात एकच वस्ती, डीप स्प्रिंग्ज कॉलेज. १९१७ साली एल. एल. नन नावाच्या माणसानं काढलेलं. हाही वीज धंद्यातलाच, योगायोग बघा. विद्यार्थी तीसच्या आतबाहेर. सकाळी तत्त्वज्ञान, दुपारी गुरं आणि लसूणघास. २०१८ पर्यंत फक्त मुलगे घेत, आता मुलीही आहेत. मी गेलो तेव्हा एक मुलगा रस्त्याकडेला कुंपणाची तार ओढत होता. मी पाणी विचारलं. त्यानं बाटली भरून दिली आणि विचारलं, 'तुम्ही हरवलात का?' तिथे येणारा प्रत्येक जण हरवलेलाच असतो असा त्याचा सूर होता.

पुढे ओएसिसला २६६ला मिळून १६८ संपतो. तेल बिशप किंवा बिग पाइनलाच भरून घ्या.

सरळसोट

गेलो नाही. पण आता जाईन. (मत कायम.)

सायली_क्लोव्हिस

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री, म्हणजे त्यांच्या सकाळी, सगळा धागा बाबांना फोनवर वाचून दाखवला. पाऊण तास लागला. १९१३चा नोव्हेंबर दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे मागणी नव्हती. मागणी नसली की अंदाजपत्रकच होत नाही. हे मला तिथंच कळायला पाहिजे होतं." रेगन घोड्यावरून गेले यावर त्यांचा विश्वास बसलेला नाही. मंत्री पाहणीला जीपनंच येतात, असं त्यांचं म्हणणं.

डोंगरगप्पा, पूर्वेचा तुकडा घेतला नव्हता. वळसा वाया गेला हे मान्य.

दोन्ही पाट्यांचे फोटो त्यांनी मोठे करून शेजारी शेजारी लावलेत. येणाऱ्याला विचारतात, यात फरक ओळखा. फरक काहीच नाही.

आणि ऑगस्टमध्ये परत येणार आहेत. मी आणि नवरा चालायचं म्हणतोय, पूर्वेकडून, नॉर्थ लेकहून निघून. पश्चिमेकडून कुणी निघतंय का? किल्ल्यांसाठी विचारतेय.

गेरूवाट

मी आणि बायको निघू. या वेळी किल्ली आधी, चिवडा नंतर. पण एक आहे, आमची जुनी गाडी गिअरची आहे, ऑटोमॅटिक नाही. फ्लॉरेन्स लेकहून ती कैसर पासवरून खाली आणायची म्हणजे अर्धा वेळ पहिल्या गिअरमध्ये. तुमच्यात कुणाला येते का?

सायली_क्लोव्हिस

मला नाही, नवऱ्यालाही नाही. बाबांना येते. ते हंटिंग्टनला त्या पाटीपाशी थांबायला तयार आहेत.